दंतवल्काचे खनिजधन



लालबाग-परळच्या चाळीत लहान मुलाच्या दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर घरची मंडळी सहसा म्हणतात, "दुधाचा दात आहे, पडेलच की!" दात ठणकू लागल्यावरच दवाखाना आठवतो. परंतु दुधाच्या दातातील जंतुसंसर्ग खालच्या कायमच्या दातालाही बाधू शकतो. आणि कीड मागे फिरवता येते ती या पांढऱ्या डागाच्या अवस्थेतच.

दंतवल्क, म्हणजेच इनॅमल, हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला की कॅल्शियम व फॉस्फेट दातातून निसटू लागतात. लाळ ती झीज भरून काढते. फ्लोराइड सामावलेले स्फटिक मात्र सुमारे ४.५ पीएचपर्यंत टिकाव धरतात.

तथापि फ्लोराइड एकटे अपुरे आहे. फ्लोरअ‍ॅपेटाइटच्या घडणीत २ फ्लोराइडमागे १० कॅल्शियम व ६ फॉस्फेट लागतात. म्हणूनच १९७० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी दंतवल्कावर आधी कॅल्शियम फॉस्फेटचे संस्करण करून मग फ्लोराइड देण्याचा मार्ग अभ्यासला. पुढे मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांनी दुधातील केसीन प्रथिनाच्या अंशांत ही खनिजे विद्राव्य रूपात धरून ठेवण्याची पद्धत विकसित केली. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती वर्ज्य आहे. शिवाय फ्लोराइड टूथपेस्टपेक्षा तिचा अधिक लाभ किती, याविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

येथे तारतम्य हवे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांचे पाणी मिळते. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत मात्र भूजलातील अतिरिक्त फ्लोराइडनेच दात डागाळतात, हाडे दुखावतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि पर्यायी स्रोत नसल्यास कमाल १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते.

तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइड टूथपेस्ट दिवसातून दोनदा पुरे. ती गिळू न देता थुंकायला शिकवावे. डाग दिसताच दंतवैद्यांकडून फ्लोराइड वार्निशचा सल्ला घ्यावा. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पांढरा डाग ही निसर्गाने दिलेली मुदत आहे. एकदा खड्डा पडला की तो कोणत्याही खनिजलेपाने बुजत नाही.