टाकीतून उडणारे पेट्रोल

(विद्यार्थी व पालकांच्या सभेतील भाषण)



गाडी धूर सोडते हे लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु इंजिन बंद करून गाडी उन्हात उभी ठेवली तरीही ती हवा बिघडवीत असते, हे पुष्कळांना पटत नाही. टाकीतले पेट्रोल तापते, त्याची वाफ होते आणि वाट मिळेल तिथून ती बाहेर पडते. ही वाफ अडविणारी व्यवस्था एखाद्या जुन्या ट्रकमधून कोणी काढून टाकली असेल, तर ती पुन्हा कशी बसवावी, हा आजचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९४३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे दाट धुके पसरले. लोकांनी एका रसायन कारखान्याला दोष दिला. तो काही काळ बंद झाला तरी धुके हटेना. पुढे अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे हॅगन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ या कामाकडे वळले. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि पुढल्याच वर्षी साऱ्या अमेरिकेत मोटारींवर वाफ अडविण्याची सक्ती आली.

व्यवस्था अगदी साधी आहे. टाकीचे झाकण घट्ट. टाकीतून एक नळी निघते ती बॉनेटखालच्या कोळशाच्या डब्यापर्यंत. त्यालाच कॅनिस्टर म्हणतात. हा कोळसा चुलीतला नव्हे, सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर असतो. वाफ त्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पाठ्यपुस्तकात आपण यालाच अधिशोषण म्हणतो. इंजिन वेगात फिरू लागले की ते डब्यातून हवा ओढते, त्या हवेबरोबर साठलेली वाफ इंजिनात जाते आणि तिथे जळते. म्हणजे जे पेट्रोल उडून जाणार होते, तेच गाडी ओढते. नुकसान कोणाचे?

तरीही त्या काळच्या अनेक मालकांनी ही 'अडगळ' काढून फेकली. कोणी डबा फेकला, कोणी नळीत बोळा कोंबला. नळी बुजली की उन्हात टाकीत दाब वाढतो आणि पेट्रोल कार्बोरेटरमध्ये घुसते. आज एखाद्याने १९७८ चा शेव्हरोले पिकअप कॅलिफोर्नियात विकत घेतला, तर त्याला हे सगळे निस्तरावे लागते. तिथे १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे. १९७६ पासूनच्या गाड्यांना सामान्यतः दर दोन वर्षांनी तपासणी द्यावी लागते. तपासनीस सर्व भाग जागेवर आहेत का ते डोळ्यांनी पाहतो. शिवाय अशा जुन्या गाड्यांची टाकी व नळ्या हलका दाब देऊन गळतीसाठी तपासतात. धूर कितीही स्वच्छ असो, इथे नापास तो नापास.

आता बसविण्याविषयी. बॉनेटखाली कारखान्याने चिकटविलेला नळ्यांचा नकाशा असतो; तो आधी शोधावा. तो नसेल तर त्याच वर्षाचे, त्याच इंजिनाचे दुरुस्तीपुस्तक मिळवावे. अंदाजाने नळ्या जोडू नयेत. काम उघड्यावर करावे, बॅटरी सोडवावी, विडी-सिगारेट दूर ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत साचते. जुन्या नळ्या टाकीपासून सोडवूनच फुंकून पाहाव्यात. कॉम्प्रेसरची हवा टाकीत मुळीच सोडू नये. नवी नळी पेट्रोलला टिकणारीच हवी, साधे रबर फुगते आणि चिरते. टाक्या दोन असतील तर दुसरीची नळी हमखास विसरली जाते.

जुना डबा हलवून पाहावा. आत पेट्रोल डचमळत असेल किंवा काळे दाणे गळत असतील तर तो टाकून द्यावा. झाकणाकडे मात्र विशेष लक्ष हवे. व्यवस्था काढणारा बहुधा भोकाचे झाकण बसवितो. ते तसेच राहिले तर नवा डबाही निरुपयोगी. डब्यातून इंजिनाकडे जाणारी नळी नकाशात दाखविलेल्या तोंडालाच लावावी, नाहीतर मंद गतीला इंजिन अडखळू लागते.

शेव्हरोले आपल्याकडे कुठली, असे कोणी विचारील. खरे आहे. पण १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांतील तुमच्या पेट्रोल मोटारसायकलला असाच छोटा काळा डबा आहे. 'काढून टाका, काही होत नाही' असे सांगणारा मेकॅनिक भेटला, तर त्याला निदान कारण तरी विचारा.

काम संपल्यावर गाडी बंद शेडमध्ये रात्रभर उभी करावी आणि सकाळी दार उघडताच वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर पुन्हा झाकणापासून सुरुवात करावी.