अर्थशास्त्राची दोन वर्षे

पदवी परीक्षेचा निकाल लागतो, अर्थशास्त्रात बरे गुण मिळालेले असतात, आणि मुलाने अगर मुलीने पुढे एम. ए. करण्याचा विचार बोलून दाखविला, की घरातील वडीलधारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : "म्हणजे आणखी दोन वर्षे पेपरच द्यायचे ना?" ह्या प्रश्नात थोडी काळजी असते, आणि थोडा उपहासही असतो. प्रबंध लिहितो तो संशोधक आणि पेपर देतो तो नुसता परीक्षार्थी, अशी एक समजूत चांगल्या शिकलेल्या लोकांच्याही मनात घर करून बसलेली आहे.

ही समजूत अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ ह्यांनी केंब्रिज येथे हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो वाचला. पेपर देऊन मिळविलेल्या पदवीचा असा ग्रंथ होत नाही. उत्तरपत्रिका तपासल्या जातात आणि काही काळाने रद्दीत जातात. परंतु लिहिण्यापूर्वी शास्त्र हातात यावे लागते, आणि अर्थशास्त्रासारखे शास्त्र हातात येण्याचा मार्ग वर्गातूनच जातो. गाडगिळांसारख्यांना ही वाट लवकर चालून जाता आली. इतरांना ती दोन वर्षे पायी चालावी लागते.

ह्या वाटेवरचा पहिला घाट गणिताचा. आपल्याकडे कलाशाखेकडे वळलेले बहुतेक विद्यार्थी दहावीनंतर गणिताचा निरोप घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात, मराठी माध्यमातून, ते अर्थशास्त्राची पदवी घेतात. तेथे त्यांची भेट होते ती शब्दांशी आणि आकृत्यांशी. एम. ए. च्या पहिल्या आठवड्यातच फळ्यावर अवकलनाची चिन्हे उमटू लागतात, संदर्भग्रंथ सारे इंग्रजी असतात, आणि कालपर्यंत वर्गात पहिला येणारा विद्यार्थी मागच्या बाकावर जाऊन बसतो. पुष्कळांचे एम. ए. मनातल्या मनात येथेच संपते. पुढची दोन वर्षे ते केवळ हजेरी लावतात आणि बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांवर परीक्षा निभावून नेतात. घरातल्या मंडळींचा उपहास ह्यांच्यापुरता खरा ठरतो, हे कबूल केले पाहिजे.

पण ह्या गणिताचे प्रयोजन तरी काय, असा प्रश्न विचारणे रास्त आहे. त्याचे उत्तर एका उदाहरणाने द्यावे हे बरे. किंमत उतरली की मागणी वाढते, हे पदवीच्या पहिल्या वर्षी सांगितले जाते, आणि ते इतके सहज पटते की कोणी त्यावर विचार करीत नाही. एम. ए. ला हेच विधान पुन्हा उघडले जाते. किंमत उतरते तेव्हा ग्राहकावर दोन परिणाम एकदम होतात. ती वस्तू इतर वस्तूंच्या मानाने स्वस्त होते, म्हणून तो तिच्याकडे वळतो. शिवाय तेवढीच खरेदी करून त्याच्या खिशात चार पैसे उरतात, म्हणजे तो किंचित सधन होतो. आणि सधन झालेला माणूस तीच वस्तू अधिक घेईल असे नाही. युजेन स्लुट्स्की ह्या रशियन अर्थशास्त्रज्ञाने १९१५ साली हे दोन परिणाम समीकरणात वेगवेगळे मांडून दाखविले. विद्यार्थ्याने ते समीकरण स्वतःच्या हाताने सोडविले, की त्याच्या ध्यानात येते की पहिला परिणाम कोणत्या दिशेने जाणार हे ठाम सांगता येते, दुसऱ्याविषयी तसे सांगता येत नाही. आणि दुसरा जर उलट दिशेने पुरेसा जोरकस असेल, तर वस्तू स्वस्त होऊन तिची मागणी घटूही शकते.

ही केवळ कागदावरची करामत नव्हे. चीनच्या हुनान प्रांतात रॉबर्ट जेन्सन व नोलन मिलर ह्या दोघा अभ्यासकांनी गरीब कुटुंबांना तांदूळ सवलतीने मिळेल अशी व्यवस्था करून पाहिली. त्यांचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला : तांदूळ स्वस्त झाला तेव्हा ही कुटुंबे तांदूळ कमी खाऊ लागली. पोट भरण्यासाठी लागणारा भात थोडक्या पैशात मिळू लागल्यावर उरलेल्या पैशात त्यांनी ताटात दुसरे काही रुचकर वाढून घेतले. आता, स्वस्त धान्याची योजना आखणाऱ्या एखाद्या कचेरीत अशी आकडेवारी आली, आणि तेथे बसलेल्या माणसाने ते समीकरण कधीच सोडविलेले नसले, तर तो काय शेरा मारील? लोकांना धान्याची गरज राहिलेली नाही, सवलत कमी करावी, असा शेरा सहज पडेल. ज्याने समीकरण सोडविलेले आहे तो निदान थांबेल. ते ताट सवलतीमुळेच सुधारले आहे, ही शक्यता त्याला दिसेल. अर्थशास्त्राच्या एम. ए. तील गणिताचा एखाद्या गरीब घराशी असा, दुरून का होईना, संबंध पोहोचतो.

संख्याशास्त्राची आणि अर्थमितीची गोष्ट ह्याहून निराळी नाही. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी आता विद्यार्थ्याला संगणकावर घरबसल्या मिळू शकते. २०२२–२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत अडीच लाखांहून अधिक कुटुंबांची माहिती आहे. ती चाळताना पहिले कित्येक दिवस हाती काहीच लागत नाही, आणि मग केव्हातरी एका रकान्यात आपल्याच गावासारख्या गावातील तेलमिठाचा खर्च दिसू लागतो.

पेपरांची पदवी म्हणजे ठराविक विषयांची पदवी, हाही एक गैरसमज आहे. अनिवार्य विषयांपलीकडे निवडीला जागा असते, आणि ही निवड बहुधा अत्यंत निष्काळजीपणाने केली जाते. कोणत्या विषयात गुण सढळ हाताने मिळतात, कोणाच्या टिपणवह्या तयार आहेत, मित्राने काय घेतले, एवढ्यावर ती ठरते. ह्या संदर्भात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याची गुणपत्रिका पाहण्यासारखी आहे.

१९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. मुदत संपली की परतायचे आणि संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव घातले. आपल्याकडे वर्षाच्या शेवटी एक परीक्षा देण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला तेथील पद्धत नवीच होती. प्रत्येक सत्रात विषय निवडायचे, त्या त्या विषयाच्या अध्यापकापुढे बसायचे, असा तो क्रम होता. त्या तीन वर्षांत आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. हे झाले मुख्य विषयाचे. त्याखेरीज इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक.

ह्या यादीत चैन नाही. ज्याच्यापाशी मोजके पौंड आणि मोजके महिने आहेत, त्याने मानवशास्त्राच्या वर्गात वेळ घालविणे व्यवहारी दृष्टीने वेडेपणाचेच दिसले असते. तथापि गोल्डनवायझर ह्यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गातच ९ मे १९१६ रोजी त्यांनी हिंदुस्थानातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. सार्वजनिक आयव्ययाचे गाढे पंडित एडविन सेलिग्मन हे त्यांचे अध्यापक. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक आयव्ययावरील आंबेडकरांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती सेलिग्मन ह्यांनीच. एम. ए. ची पदवी मिळाली होती त्याआधी दहा वर्षे, १९१५ साली. स्लुट्स्कींचे समीकरण छापले गेले ते हेच वर्ष. त्या पदवीसाठी त्यांना निबंधही सादर करावा लागला होता, हे खरे. पण त्या निबंधाचा पाया वर्गात घातला गेला होता.

आज आपल्या विद्यापीठांतही सत्रांची आणि श्रेयांकांची पद्धत आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार दुसरे वर्ष केवळ अभ्यासक्रमांचे घ्यावे, केवळ संशोधनाचे घ्यावे, की दोहोंचे मिश्रण करावे, ही निवड विद्यार्थ्याला देता येते. आणि चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एम. ए. एका वर्षाचेही असू शकते. एक वर्ष मात्र थोडे वाटते. गणिताची भीती जाण्यातच पहिले वर्ष सरते, आणि त्यानंतर कुठे शास्त्राची गोडी लागते. भारतीय अर्थसेवेच्या परीक्षेला बसायचे तर अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. तेथे अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिका चार, प्रत्येकी २०० गुणांच्या. घाईने पाठ केलेल्या उत्तरांचा त्या ८०० गुणांपुढे फारसा निभाव लागत नाही.

आंबेडकरांची शिष्यवृत्ती १९१७ साली संपली. लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. एम. ए. च्या बळावर प्राध्यापकी मिळाली, संसार चालला, तेवढ्यावर कोणीही थांबला असता. १९२० साली त्यांनी ती नोकरी सोडली, आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी म्हणून लंडनला जाऊन बसले.