दार घट्ट, वारा मोकळा
(परसातल्या दहा कोंबड्यांचे खुराडे)



कोकणातल्या बऱ्याच घरी परसात पाच-दहा कोंबड्या असतात. अंड्यांचे पैसे घरातली बाई डब्यात जपून ठेवते. पोरांच्या वह्या, आजाऱ्याचे औषध, अडीनडीचा बाजार त्यातून भागतो. रक्कम लहान, पण त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून एका रात्रीत कोंबड्या गेल्या, तर नुसत्या कोंबड्याच जात नाहीत, बाईच्या हातचा पैसा जातो.

मागच्या पावसाळ्यात एका वाडीवर गेलो होतो. तिथल्या एका काकूंच्या नऊ कोंबड्या रानमांजराने एका रात्रीत मारल्या. कोंबड्या पडवीत डालग्याखाली झाकलेल्या होत्या. वर दगड होता, पण मांजराने डालगे कलंडवले. काकू म्हणाल्या, "आता पाळूच नये असं वाटतं." मी म्हटलं, "काकू, कोंबड्या पाळा, फक्त त्यांना घर करून द्या."

घर करतानाही चूक होते. माझीच सांगतो. मी पहिले खुराडे बांधले ते पेटीसारखे, चारी बाजूंनी फळ्यांचे. मांजर शिरले नाही, पण वाराही शिरला नाही. सकाळी दार उघडले की विष्ठेच्या वासाने डोळे चुरचुरत. पंधरा दिवसांत कोंबड्या तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या. तेव्हा एकच गोष्ट ध्यानात ठेवा : दार घट्ट, वारा मोकळा.

आता बांधणीकडे वळू.

जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी आणि घराजवळ हवी, म्हणजे रात्री कोंबड्या ओरडल्या तर ऐकू येते. दर कोंबडीला दोन चौरस फूट धरा. दहा कोंबड्यांना पाच फूट लांब आणि चार फूट रुंद खुराडे पुरते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात ऊन थेट आत येत नाही.

चार कोपऱ्यांना चार खांब. उत्तरेकडचे दोन नऊ फुटी, दक्षिणेकडचे दोन आठ फुटी. प्रत्येक खांब दोन फूट जमिनीत पुरावा. पुरायच्या भागाला आधी डांबर फासा, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाळवी खांब खाऊन टाकील. जमिनीपासून दोन फुटांवर आतला तळ येईल. तळाला बांबूच्या जाड कामट्या ठोका आणि दोन कामट्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवा. बरीचशी विष्ठा फटीतून खाली पडते, उरलेली खराट्याने ओढता येते. ओल वर चढत नाही आणि उंदराला बीळ करून आत येता येत नाही.

पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवा, कारण पावसाची झड तिकडून येते. दार पूर्वेला. उत्तर आणि दक्षिण या लांब बाजूंना खाली कामट्यांचा कूड घाला आणि वरचे दोन फूट जाळी लावा. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, तारा जोडलेली घ्या. षट्कोनी पातळ जाळी कोंबडीला अडवते, पण कुत्रे ती फाडते आणि साप तिच्यातून आत येतो. दोन्ही बाजू मिळून वीस चौरस फूट जाळी लागते. थोडी जास्तच आणा, कारण कडा लाकडी पट्टीखाली दाबून ठोकायच्या आहेत. पावसात दक्षिणेच्या जाळीवर पोत्याचा पडदा सोडा. पाऊस थांबला की तो गुंडाळा. उत्तरेची जाळी मात्र कधीही झाकू नका.

छपराला कौले चालतील. पण उदमांजर कौल सरकवून आत उतरते, हे विसरू नका. कौलांखाली कामट्या जवळजवळ ठोका. पत्रा घातलात तर उन्हाळ्यात वर नारळाची झापे टाका. छप्पर चारी बाजूंनी दीड फूट पुढे काढा, म्हणजे पागोळ्या जाळीवर येणार नाहीत.

आत बसायला दोन इंच जाडीच्या, कडा घासलेल्या दोन आडव्या काठ्या लावा. दोन्ही एकाच उंचीवर, तळापासून दीड फुटावर आणि एकमेकींपासून सव्वा फुटावर. एक वर आणि एक खाली लावली, तर वरच्या काठीसाठी रोज भांडणे होतात. अंडी घालायला अंधाऱ्या कोपऱ्यात तीन खोकी ठेवा, एक फूट लांब-रुंद, आत भाताचा पेंढा. खोकी काठ्यांपेक्षा खालीच असावीत. वर ठेवलीत तर कोंबड्या रात्री त्यांतच झोपतील आणि अंडी घाण होतील.

दाराला दोरी बांधून भागत नाही. कडी-कोयंडा बसवा आणि त्यात खुंटी अडकवा. दिवेलागणीला कोंबड्या मोजून आत घ्या, कडी लावा, चढायची फळी काढून ठेवा. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांवर सोपवलेले काम एखाद्या दिवशी कुणीच करत नाही, आणि रानमांजर नेमके त्याच दिवशी येते. मुंगूस मात्र दिवसा येते, तेव्हा लहान पिल्ले दिवसाही नजरेखाली असू द्या.

खुराड्याखालची विष्ठा आठवड्याला काढून शेणखतात कुजवा. माडाला उत्तम. महिन्यातून एकदा काठ्यांचे सांधे तपासा. गोचिडी तिथेच दडतात. कोंबड्या बाहेर असताना चुन्याचा हात द्या आणि पूर्ण वाळल्यावरच त्यांना आत घ्या.

शेवटी एक सांगतो. खुराडे रानमांजर थांबवते, मानमोडी थांबवत नाही. मानमोडीची लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या. बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा.

लाकूड, बांबू, पेंढा बहुतेक घरचाच असतो. विकत आणायची ती जाळी, खिळे, बिजागऱ्या आणि कडी. दोन माणसांचे तीन-चार दिवसांचे काम आहे. त्या काकूंनी दिवाळीनंतर खुराडे बांधले. परवा गेलो तेव्हा अकरा कोंबड्या दारातून एकेक करून आत शिरत होत्या, आणि काकू बोटांवर मोजत उभ्या होत्या.

तुम्हीही पावसाळ्याआधी हे काम उरकून घ्या.