जमीन पाणी पिते का?

 

आज मी एका साध्या खड्ड्याविषयी बोलणार आहे. 2014 साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. त्यानंतर गावोगावी संडास झाले. चांगली गोष्ट झाली. पण संडासाचे पाणी पुढे कोठे जाते? हे आपण किती जण विचारतो?

टाकीच्या संडासात मैला तळाशी बसतो. वरचे पाणी बाहेर पडते. ते निवळ दिसले तरी त्यात रोगाचे जंतू असतात. ते पाणी शोषखड्ड्यात जाते. तेथे माती ते गाळते आणि जिरवते. म्हणजे खरे काम माती करते. मातीने ते केले नाही, तर टाकीचा खर्च फुकट गेला समजा.

आपल्या खानदेशची जमीन एकसारखी नाही. चोपडा, यावल, रावेर या भागात तापीकाठी खोल गाळाची जमीन आहे. साक्रीच्या डोंगराकडे मुरूम आणि काळा खडक लागतो. एकाच गावात दोन तऱ्हा असतात. म्हणून शेजाऱ्याचे पाहून खड्डा खणू नये.

समजा, एका भावाने वैशाखात संडास बांधला. काळी जमीन भेगाळलेली होती. बादलीभर पाणी ओतले, ते लगेच गडप झाले. भाऊ खूश झाला. मग श्रावण आला. काळी माती भिजून फुगली. भेगा मिटल्या. खड्डा तुंबला आणि घाण पाणी गल्लीत आले. घरातली सून म्हणाली, “आबा, आता पुन्हा अंधारात रानात जायचं का?” आबा काय उत्तर देणार?

हे टाळायचे तर आधी परीक्षा घ्या. ती अशी.

जेथे पाणी जिरवायचे, तेथे तेवढ्याच खोलीचा एक लहान खड्डा घ्या. रुंदी वीतभर ते फूटभर पुरे. पहारीने बाजू चोपल्या गेल्या असतील, तर त्या खरवडा. तळाशी 2 इंच बारीक खडी किंवा जाड वाळू टाका. तिच्यावर फूटभर पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. माती पुरती भिजली पाहिजे. भेगांची फसवणूक येथेच उघडी पडते.

सकाळी खडीच्या वर 6 इंच पाणी ठेवा. घड्याळ पाहा. अर्ध्या तासाने पाणी किती उतरले, ते पट्टीने मोजा. रात्रीतच सगळे पाणी जिरले असेल, तर पुन्हा 6 इंच भरा. चार तास दर अर्ध्या तासाला मोजा आणि पुन्हा भरा. शेवटचे माप खरे धरा.

अर्ध्या तासात 1 इंच किंवा जास्त उतरले, तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते 1 इंच उतरले, तर खोल खड्ड्याऐवजी लांब, उथळ चर घ्यावा. अर्ध्या इंचाहून कमी उतरले, तर त्या जागी पाणी जिरवू नका. अभियंत्याला दाखवून दुसरी सोय करा.

पाणी फार झपाट्याने गेले, तरी सावध राहा. खडकाच्या भेगांतून ते न गाळता विहिरीत उतरते. पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट लांब राहा. पावसाळ्यात विहिरीचे पाणी कोठपर्यंत चढते, तेही पाहा. खड्ड्याचा तळ त्या पाण्याच्या निदान 6 फूट वर हवा.

मंडळी, पेरणीपूर्वी आपण ओल पाहतो. मूठभर माती हातात घेतो. मग ज्या मातीच्या भरवशावर पोराबाळांचे पिण्याचे पाणी आहे, तिची परीक्षा का घेऊ नये? एक पहार, एक पट्टी आणि एक रात्र. एवढाच खर्च आहे.

घरी जा आणि जमिनीला विचारा, “बाई, तू पाणी पितेस का?” ती खोटे सांगणार नाही.