लहान संगणक आणि शाळेतील षड्ज

(केंद्र शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानाचे साहित्य म्हणून अलीकडे काही शाळांत आर्डुइनो किंवा मायक्रोबिट या नावांचे छोटे बोर्ड येऊन पोहोचले आहेत. कोठे ते एखाद्या योजनेतून आले, कोठे एखाद्या माजी विद्यार्थ्याने गावच्या प्रेमाने दिले. त्यांवरील लहान दिवा लुकलुकता करून दाखविणे हा त्यांचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचाच उपयोग ठरतो. पाहुणे येतात, दिवा लुकलुकतो, टाळ्या पडतात आणि खोके पुन्हा कपाटात जाते. याच बोर्डाकडून स्वर काढता येतो, आणि तो काढण्यासाठी सातवीच्या मुलाला येणाऱ्या भागाकाराहून अधिक गणित लागत नाही, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. संगीत आणि गणित हे दोन्ही विषय ज्या शाळेत एकाच शिक्षकाकडे असतात, त्या शाळेस तर हे साधन विशेष उपयोगाचे आहे.

संगणकाकडून धून वाजवून घेण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडात मँचेस्टर येथील एका अवाढव्य संगणकाने वाजविलेल्या धुना बीबीसीने 1951 मध्येच ध्वनिमुद्रित केल्या होत्या. परंतु तो विद्यापीठाचा कारभार होता. हौशी माणसाच्या हाती हे काम आले ते 1975 मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत अल्टेअर 8800 नावाचा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकला जाऊ लागला. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. मूळ संचातील स्मृती अवघी 256 बाइट. आज्ञा द्यावयाच्या त्या दर्शनी पट्टीवरील खटके एकेक वरखाली करून. स्टीव्ह डॉम्पियर या हौशी गृहस्थाने असा एक संच जोडला. संगणक काम करीत असताना शेजारच्या रेडिओतून चमत्कारिक आवाज उमटतात, असे त्याच्या ध्यानी आले. दुसऱ्या कोणी रेडिओ लांब नेऊन ठेवला असता. डॉम्पियरने कोणत्या आकड्याला कोणता स्वर निघतो याचे टिपण करावयास घेतले.

एप्रिल महिन्यात कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका शाळेत हौशी मंडळींची सभा भरली. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ हे त्या मंडळाचे नाव. डॉम्पियरने खटके वरखाली करीत आज्ञावली भरत आणली आणि इतक्यात विजेच्या वायरीत मुलांचे पाय अडकले. वीज तुटली, सारी आज्ञावली पुसली गेली. ती त्याने पुन्हा पहिल्यापासून भरली. मग संगणकावर ठेवलेल्या साध्या रेडिओतून बीटल्स या इंग्रज गायकवृंदाच्या ‘द फूल ऑन द हिल’ या गीताची चाल ऐकू आली आणि सभा उठून उभी राहिली. त्या यंत्रात ध्वनीसाठी म्हणून एकही भाग नव्हता. खेड्यातील शाळेला ही हकीकत परकी वाटू नये. वीज जाणे आणि केलेले काम वाया जाणे हा अनुभव तिला नित्याचा आहे. एवढाच फरक, की आजच्या बोर्डावर एकदा भरलेली आज्ञावली वीज गेली तरी पुसत नाही. वीज येताच तो पहिल्यापासून गाऊ लागतो.

या बोर्डांची कुळकथा थोडक्यात सांगता येईल. आर्डुइनो हा इटलीतील इव्रिया गावी 2005 मध्ये, अभिकल्प शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस स्वस्त पडावा म्हणून तयार झाला. त्याचे नाव तेथील एका मद्यगृहावरून पडले, हे मुलांना सांगितलेच पाहिजे असे नाही. मायक्रोबिट 2016 मध्ये ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या मुलांना विनामूल्य वाटला गेला. त्याच्या 2020 च्या आवृत्तीत लहान स्पीकर बोर्डावरच बसविलेला आहे. रास्पबेरी पाय हा 2012 चा. तो पडदा व कळफलक जोडावा लागणारा पुरता संगणक होय. सॅम आरन यांनी केंब्रिज येथे त्याच्यासाठी रचलेली ‘सॉनिक पाय’ ही संगीताची आज्ञावली उत्तम आहे. तथापि ज्या शाळेत एकच संगणक आणि तोही कार्यालयीन माहिती भरण्यात गुंतलेला, तिने आर्डुइनोपासून आरंभ करणे सोयीचे. त्याच्या प्रतिकृती काही शे रुपयांत मिळतात.

आता स्वर कसा निघतो ते पाहू. आर्डुइनो उनो हा बोर्ड पत्त्यांतील एका पानाहून लहान असतो. त्याच्या मधोमध असलेल्या चिपमध्ये गणना करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडण्याच्या पिना ही सर्व व्यवस्था एकत्र आहे. यालाच सूक्ष्मनियंत्रक किंवा मायक्रोकंट्रोलर म्हणतात. एखाद्या पिनेवर पाच व्होल्ट द्यावेत किंवा शून्य, एवढेच त्याला सांगता येते. पिनेला स्पीकर जोडून ती चालू केली की पडदा पुढे सरकतो, बंद केली की मागे येतो. हे मागेपुढे होणे सेकंदास 240 वेळा घडले, की 240 आंदोलनसंख्येचा स्वर ऐकू येतो. संगीताच्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांत मध्य षड्ज 240 चाच धरलेला असतो, हे संगीताची परीक्षा दिलेल्या शिक्षकांस स्मरत असेल.

तेव्हा मुलापुढे प्रश्न उरतो तो असा: पिन किती वेळ चालू ठेवावयाची आणि किती वेळ बंद? एका सेकंदात दहा लक्ष मायक्रोसेकंद. दहा लक्षांना 240 ने भागले की एका आंदोलनास सुमारे 4167 मायक्रोसेकंद येतात. त्याचे निम्मे 2083. पिन चालू कर, 2083 थांब, पिन बंद कर, 2083 थांब, पुन्हा तेच. या चार ओळींत षड्ज झाला. तार षड्जाची आंदोलनसंख्या दुप्पट, म्हणजे 480. तेथे थांबावयाचा काळ 1042. आकडा निम्मा झाला की स्वर सप्तकभर वर जातो, हे येथे मुलाला आपल्याच हाताने अनुभवास येते. व्यस्त प्रमाणाचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पुढील स्वरांसाठी जुन्या शाळांतील पाढे उपयोगी पडतात. पंचम म्हणजे षड्जाची दिडकी: 240 चे दीडपट 360. गांधार म्हणजे सवायकी: 300. मध्यम एक पूर्णांक एक तृतीयांशपट, म्हणजे 320. रिषभ नऊ अष्टमांशपट, म्हणजे 270. ज्या वर्गात सवायकी-दिडकी कशासाठी पाठ करावयाची असा प्रश्न मुले विचारीत, त्या वर्गाला याहून गोड उत्तर देता येणार नाही.

येथेच एका धोक्याचा विचार करावयास हवा. या बोर्डांबरोबर स्वरांचे तयार तक्ते मिळतात आणि घाई असली की शिक्षक तेच वापरतो. ते तक्ते पाश्चात्त्य समविभागी सप्तकाचे असतात. त्या पद्धतीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असल्यामुळे 240 च्या षड्जावर गांधार 300 न येता 302 हून किंचित वर येतो. भातखंडे पद्धतीच्या पुस्तकांत हाच स्वर तारेच्या लांबीवरून काढून 301 पूर्णांक 17/43 असा दिलेला असतो. एका गांधाराचे असे तीन आकडे झाले. कोणता खरा?

हा वाद महाराष्ट्राला नवीन नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने गायकाच्या गळ्यातील स्वर मोजण्याचे प्रयोग केले आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या आकड्यांवरून श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली आणि 1916 च्या बडोदे संगीत परिषदेत ती मोठ्या चर्चेचा विषय ठरली. पुढे 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती 1971 मध्ये काही अंशी सैल झाली. या पेटीचे स्वर आपल्या गायनाशी जुळत नाहीत, हा तिच्यावरील आक्षेपांपैकी एक होता. म्हणजे आकडा काढणारे आणि कानाने ऐकणारे यांची ही तक्रार निदान शंभर वर्षांची आहे, आणि ती मिटविण्याचे काम प्राथमिक शाळेकडे कोणी सोपविलेले नाही.

परंतु ती तक्रार मुलांना प्रत्यक्ष ऐकविणे शाळेस शक्य आहे. हार्मोनियमची पट्टी घासून स्वर बदलणे हे कारागिराचे काम. बोर्डावर मात्र 1667 च्या जागी 1656 लिहिले की 300 चा गांधार 302 चा होतो. तंबोऱ्यावर किंवा शिक्षकाच्या आवाजात षड्ज धरून ठेवावा, दोन्ही गांधार पाळीपाळीने वाजवावेत आणि कोणता षड्जात मिसळतो हे मुलांनी हात वर करून सांगावे. आरंभी मते विभागतात. चार दिवसांच्या सरावानंतर ती जुळू लागली, तर मुलांचे कान तयार होऊ लागले असे समजावे. न जुळली, तरी मुले लक्ष देऊन ऐकू लागली हा लाभ काही थोडा नव्हे. ज्याच्या घरी विजेवरचा तंबोरा आहे त्याने तो आणावा, बंगळूरचे जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये घडविलेले ते यंत्र याच कुळातील आहे.

आणखी एक सावधगिरी. आर्डुइनोत ‘टोन’ नावाची तयार आज्ञा असते. तिला नुसती आंदोलनसंख्या सांगितली की ती स्वर वाजविते. भागाकार करावा लागत नाही. सोय खरी, पण उनो बोर्डावर तिला 360 सांगितले असता प्रत्यक्षात 361 हून किंचित अधिक मिळतात. कारण आतले घड्याळ या पट्ट्यात आठ-आठ मायक्रोसेकंदांची पावले टाकते. 1389 मध्ये आठाची पूर्ण पावले 173 बसतात, उरलेली बाकी सोडून दिली जाते, काळ 1384 चा होतो आणि पंचम चढतो. बाकी सोडली तर काय बिघडते, असे विचारणाऱ्या मुलाला ती बाकी येथे ऐकता येते. स्वतः काळ मोजून लिहिलेल्या चार ओळी या बाबतीत तयार आज्ञेहून सरस ठरतात. त्यांतही पिन चालू-बंद करण्यास स्वतःचे चारपाच मायक्रोसेकंद लागतात. ते वजा करावे. याशिवाय मूळ उनो बोर्डातील घड्याळ सिरॅमिकचे असल्याने त्यात हजारी पाचांपर्यंत फरक पडू शकतो. दोन बोर्ड एकाच आकड्यावर लावून जवळ ठेवले, तर स्वर लाटेसारखा वाढता-ओसरता ऐकू येण्याचा संभव आहे. त्या लाटांना विस्पंद म्हणतात. सेकंदाला जितके विस्पंद, तितका दोन आंदोलनसंख्यांतील फरक.

या सर्व खटाटोपाचे खरे कारण मात्र मुलाच्या गळ्यात आहे. प्रार्थनेच्या वेळी पेटीवर काळी एक किंवा काळी दोन, जी शिक्षकाच्या गळ्याला सोसते ती पट्टी धरली जाते आणि सारी शाळा तिच्यामागे ओढत जाते. ज्याचा गळा तेथे बसत नाही ते मूल खर्जात गुणगुणते किंवा ओठ नुसते हलविते. वर्षाअखेर त्याच्या नावापुढे ‘बेसूर’ हा शब्द लागतो आणि स्नेहसंमेलनाच्या समूहगीतातून त्याला मागे बसविले जाते. एकदा असे मागे बसलेले मूल पुढे जन्मभर गात नाही, याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत.

अशा मुलाला त्याच्या सोयीच्या स्वरात नुसते ‘आ’ म्हणावयास लावावे. शेजारच्या मुलाने बोर्डावरील आकडा थोडाथोडा बदलीत जावे. दोन आवाज एकजीव झाले की तो त्या मुलाचा षड्ज. समजा, तो 280 निघाला. तर सवायकीने गांधार 350, दिडकीने पंचम 420. आज्ञावलीत षड्जाचा एकच आकडा लिहून बाकीचे स्वर त्याच्यापासून गुणून काढण्याची व्यवस्था केली असेल, तर तो एक आकडा बदलताच सारे सप्तक त्या मुलाच्या गळ्याशी येते. मग तेच गीत त्याला गावयास सांगावे. बेसूर ठरविलेल्या मुलांपैकी किती खरोखर बेसूर आहेत, याची मोजणी त्यानंतर करावी.

साहित्याविषयी दोन शब्द. दुकानात बझर दोन प्रकारचे मिळतात. एकाला वीज दिली की तो आपल्याच ठरलेल्या स्वरात ओरडतो. त्याला कितीही आकडे दिले तरी त्याच्याकडून सप्तक निघत नाही. दुसरा दिलेल्या आकड्याप्रमाणे वाजतो. घेताना त्याला नुसती बॅटरी लावून पाहावी. जो एकसारखा वाजत राहील तो घेऊ नये, जो ‘टिक्’ करून गप्प बसेल तो घ्यावा. जुन्या रेडिओतील आठ ओहमचा स्पीकर वापरावयाचा असल्यास 220 ओहमचा रोध मध्ये जोडणे आवश्यक आहे, नाहीतर पिनेला न झेपणारा प्रवाह वाहून ती जळते. आवाज लहान येईल. स्पीकर रिकाम्या मडक्याच्या तोंडावर ठेवला की तो पुरेसा भरतो. बोर्डाला वीज यूएसबीची किंवा बॅटरीचीच द्यावी. भिंतीतील सॉकेटच्या उघड्या तारांशी मुलांचा संबंध कोणत्याही कारणाने येता कामा नये, आणि हा आवाज कानात घालण्याच्या यंत्रातून ऐकवू नये.

तालाचेही काम हा बोर्ड करतो. केरव्याच्या आठ मात्रा तो न थकता मोजीत राहील. पण गाणाऱ्या मुलांबरोबर किंचित मागेपुढे होणे त्याला जमत नाही, तेव्हा समूहगीताच्या वेळी ते काम ढोलकी वाजविणाऱ्या मुलाकडेच राहू द्यावे.

आज्ञावली भरण्यासाठी संगणक केवळ आरंभी आणि आकडा बदलतेवेळी लागतो. केंद्रातील एका शाळेचा लॅपटॉप आठवड्यातून एक दिवस शेजारच्या शाळेस दिला तरी काम भागते. आकडा वारंवार बदलावयाचा असेल, तर बोर्डाला एक फिरविण्याचे बटण जोडावे. रेडिओचा आवाज लहानमोठा करावयाचे असते तसेच ते असते आणि दहा किलोओहमचे घ्यावे. ते फिरवीत षड्ज शोधण्याचे काम मग चौथीतील मूलही करू शकते.