गंधार बकरीचा

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या सभासदांच्या व्याख्यानमालेतील हे भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवून, थोडे संक्षिप्त करून छापले आहे. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांच्या निमित्ताने प्रत्येकाने आपल्याला जे येतं त्यावर बोलावं, असं ठरलं. गेल्या आठवड्यात आपण म्युच्युअल फंडांवर ऐकलं, त्याआधी गुडघेदुखीवर. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यामुळे मला खात्रीने येतं ते एकच, प्राण्यांचे आवाज. (हशा)

हसा, हसा. पण तुम्ही सगळ्यांनी ते पाठ केलेले आहेत. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव, माकडाचा भुभुत्कार, कोल्ह्याची कोल्हेकुई. जोड्या लावा, पाच गुण. एकही प्राणी न ऐकता पाचपैकी पाच मिळवता येतात, आणि पुष्कळांनी मिळवलेही!

आज मात्र जोड्या लावायच्या नाहीत. प्रश्न वेगळा आहे. माणसाने गळ्यातून प्राण्याचा आवाज काढला, तर ती नुसती नक्कल, की त्याचं गाणं होऊ शकतं? हा प्रश्न मी का विचारतेय, ते शेवटाकडे सांगेन. त्यात आपल्या सोसायटीचंच एक काम आहे.

आधी नकलेबद्दल. आपल्याला वाटतं, नक्कल म्हणजे जसं ऐकलं तसंच काढणं. पण तसं कधीच होत नाही. कोंबडा जगभर एकच. आपल्याकडे तो 'कुकूचकू' करतो, जर्मनीत 'किकेरिकी', फ्रान्समध्ये 'कोकोरिको', जपानमध्ये 'कोकेकोक्को', आणि इंग्रजांकडे तर 'कॉक-अ-डूडल-डू'. आता पावशा घ्या. पावसाच्या तोंडावर तो ओरडू लागला की आपला शेतकरी ऐकतो 'पेरते व्हा, पेरते व्हा'. हिंदी माणसाला त्यात 'पी कहाँ' ऐकू येतं, बंगाली माणसाला 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला. इंग्रज साहेबाला ऐकू आलं 'ब्रेन फीवर'! पक्षी तोच, हाक तीच. ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानात.

दुसरी अडचण शरीराची. आपला आवाज तयार होतो गळ्यात, वरच्या बाजूला. पक्ष्याचा आवाज तयार होतो खाली, श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे. त्यामुळे कित्येक पक्ष्यांना एकाच वेळी दोन वेगळे स्वर काढता येतात. आपल्या गळ्याची रचना तशी नाही. मग नक्कल करणारा काय करतो? निवड करतो. पक्ष्याच्या आवाजातलं नेमकं काय उचललं म्हणजे ऐकणाऱ्याला तो ओळखू येईल, ते शोधतो.

उदाहरण आपल्या मागच्या आंब्यावरचंच देते. तिथे पहाटे चारला कोणीतरी ओरडतं, आणि त्याबद्दल कमिटीकडे एक लेखी तक्रारही आली आहे. (हशा) आपण त्याला 'कोकिळा' म्हणतो, पण ओरडणारा असतो नर. काळाकुळकुळीत. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि ती 'किक् किक् किक्' करते. आता नराचा आवाज नीट ऐका. एकेक 'कुऊ' आधीच्यापेक्षा जरा वर जातो. चढत चढत टोकाला गेला की तो एकदम थांबतो, आणि पुन्हा खालून सुरू करतो. ज्याला एवढं कळलं त्याला कोकीळ जमला. आवाजाची जात जुळली नाही तरी चालतं, चढण जुळली पाहिजे.

आपल्या संगीतशास्त्राने हे फार पूर्वी ओळखलं होतं. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव होते. त्यांचा 'संगीतरत्नाकर' आजही उत्तरेत आणि दक्षिणेत, दोन्हीकडे प्रमाण मानतात. त्यात सात स्वरांना सात प्राणी दिले आहेत. षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गंधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. त्याहून जुन्या नारदीय शिक्षेत थोडा फरक आहे. तिथे ऋषभ गाई-बैलांचा, धैवत घोड्याचा आणि गंधार शेळ्या-मेंढ्यांचा.

आता कोणी म्हणेल, बाई, मोर खरंच 'सा' लावतो का? आपला 'सा' मुळात ठरलेला नसतोच. कोणाची पांढरी एक, कोणाची काळी पाच. आणि कोकिळेकडे तानपुराही नाही, मग तिचा पंचम कुठल्या 'सा'चा? म्हणजे ही यादी मोजमापाची नाही. मला ती कानाला लावलेली शिस्त वाटते. स्वर शिकायचा तर बाहेर काय काय ओरडतंय तेही ऐका, असं सांगणारी. आणि तिच्यात बेडूक आणि बोकडही आहेत, हे विसरू नका. शास्त्रकारांनी कोणाला 'तू बेसुरा, तू बाहेर' असं म्हटलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इटलीत आद्रियानो बांकिएरी नावाचा संगीतकार होता. होता मठातला साधू, पण भलताच मिस्किल. कार्निव्हलच्या दिवसांत जेवणाआधी गायची म्हणून त्याने १६०८ साली एक गाणमाला छापली. हा कार्निव्हल म्हणजे उपवासाच्या आधीची धमाल, गोव्यात होतो तोच सण. त्या मालेत एक गाणं आहे. खाली खर्जात एक गायक अगदी गंभीर चेहऱ्याने, स्तोत्र म्हटल्यासारखं, लॅटिनच्या थाटात काहीबाही गातो. वर चौघे: एक कुत्रा, एक मांजर, एक कुक्कू पक्षी आणि एक घुबड. चौघेही आपापल्या भाषेत, पण तालात आणि सुरात. चारशे वर्षं झाली, शाळा-कॉलेजांतले गायकवृंद ते अजून गातात.

दोन मांजरांचं एक युगुलगीतही आहे. दोन गायिका, आणि सगळ्या गाण्यात शब्द एकच, 'म्याँव'. ते रोसिनी या मोठ्या संगीतकाराच्या नावावर खपतं. प्रत्यक्षात १८२५ च्या सुमारास दुसऱ्याच कोणीतरी, काही चाली रोसिनीच्या 'ओतेल्लो'तून उचलून, टोपणनावाने जुळवलं असं मानतात. त्या एका म्याँवमध्ये लाडीगोडी, रुसवा, भांडण सगळं येतं. गळा कसलेला नसेल तर ते गाता येत नाही.

आता दूर उत्तरेला, कॅनडाच्या बर्फात चला. तिथल्या इनुइट बायकांचा एक गानप्रकार आहे, काताज्जाक. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींचे दंड धरतात. एक छोटासा आवाज काढते. ती जिथे थांबते त्या फटीत दुसरी आपला आवाज भरते. कधी रानहंस, कधी कुत्रे, कधी वारा, कधी पाणी. श्वास सोडतानाही आवाज आणि घेतानाही. आपल्याकडे गाढव तेच करतं, 'ही' एका श्वासावर, 'हॉ' दुसऱ्या! जी आधी हसली किंवा जिचा दम संपला, ती हरली. मिशनऱ्यांना हा प्रकार पसंत नव्हता. त्यांनी तो बंद करायला लावला, आणि कित्येक वस्त्यांमधून तो जवळजवळ गेला. आठवणीत ठेवलेल्या आज्यांनी तो पुन्हा शिकवला. २०१४ मध्ये क्वेबेक सरकारने त्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. हे गाणं नाही असं ठरवणारे होते, आणि गाणंच आहे म्हणून जपणाऱ्याही होत्या. जपणाऱ्या होत्या म्हणून ते आज ऐकायला मिळतं.

आता आपल्या घरचं बोलते.

गेल्या गणपतीत मुलांच्या गायन स्पर्धेत आपल्या वॉचमनकाकांची मुलगी उभी राहिली. आठ वर्षांची, गावाहून येऊन तिला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. तिने बकरी आणि करडू सादर केलं. पायाने ठेका धरला. बकरी खालच्या सुरात, तोंड मिटून, 'म्ह्म्ह्म्'. करडू वरच्या सुरात, तोंड उघडून, 'म्याऽ'. एकाची हाक, दुसऱ्याचं उत्तर. मग करडू लांब गेलं, बकरीचा आवाज चढला, तोंड उघडलं, हाका जवळजवळ येऊ लागल्या. शेवटी करडू सापडलं आणि बकरी पुन्हा तोंड मिटून खालच्या सुरावर आली. दोन मिनिटांत संपलं.

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "छान आहे, पण हे गाणं नाही. गंमत म्हणून ठीक." तिला उत्तेजनार्थ पेन मिळालं. पुढे यंदाच्या नियमावलीत एक नियम वाढला, क्रमांक चार: 'स्पर्धकाने शब्द असलेले गीतच सादर करावे.'

परीक्षकांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. एकामागून एक दहा प्राण्यांचे आवाज काढून दाखवले तर ती नक्कलच. पण त्या मुलीने ठेका धरला होता. दोन सूर ठरवले होते आणि शेवटपर्यंत सोडले नव्हते. सुरुवात होती, चढण होती, आणि समेवर येणं होतं. शिवाय ते खरं होतं. करडू जवळ असलं की बकरी तोंड मिटून हळू घुमते, दुरावलं की तोंड उघडून ओरडते. हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आमच्या जोड्या लावा पाच गुणांमध्ये बकरीसाठी एकच शब्द, 'बें बें'!

आणि नियम चार लावायचा तर तराणा बाद होईल. 'तोम् तनन दिर दिर' म्हणजे कुठले शब्द? आलाप बाद, सरगमही बाद.

आता माझं बोलणं पटत नसेल तर आपण करूनच बघू. इंडोनेशियातल्या बाली बेटावर केचक नावाचा प्रकार आहे. पन्नास, शंभर पुरुष कमरेला काळा-पांढरा चौकडा गुंडाळून गोल करून बसतात. ते असतात रामाची वानरसेना. हो, आपलंच रामायण. वाद्य एकही नाही, फक्त गळ्यातून 'चक, चक, चक'. तिथल्या जुन्या विधींमध्ये असा घोष होताच. १९३० च्या दशकात बालीचे कलावंत आणि तिथे राहणारा जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांनी त्याला रामायणाची जोड देऊन आजचं रूप दिलं. बालीची बांधणी फार गुंतागुंतीची असते. आपण त्यातलं तत्त्व तेवढं घेऊ.

आठ मात्रा मोजा, केहरवा समजा. ए विंगने 'चक' म्हणायचं पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेला. बी विंगने दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या. सी विंगला दोनच मात्रा आहेत, तिसरी आणि सहावी, कारण सी विंगला फ्लॅट कमी! बाळगोपाळांनी टाळ्या वाजवून मात्रा धरायच्या. चला.

(येथे तिन्ही विंगनी चार-पाच वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या प्रयत्नाला बी विंग चुकली. पाचव्या वेळी जमले, आणि बराच वेळ थांबेना.)

ऐकलंत? कोणीही सलग आठ वेळा 'चक' म्हटलं नाही, तरी आठही मात्रा भरल्या. आता बी विंगने गप्प बसा, बाकीचे चालू ठेवा. पडली ना भोकं? एका विंगने मेंटेनन्स थकवल्यावर होतं तसंच. (हशा) एकेकट्याची होती ती माकडाची नक्कल. एकमेकांकडे कान ठेवून तालात बसली, तेव्हा त्याचं संगीत झालं. बांकिएरीच्या कुत्र्या-मांजरांचं तेच, त्या इनुइट बायकांचं तेच, आणि आपल्या बकरी-करडाचंही तेच.

म्हणून कमिटीला माझी विनंती आहे, आणि लेखीही देणार आहे. नियम चार असा करावा: 'गळ्यातून निघणारा आणि सुरात किंवा तालात बांधलेला कोणताही आविष्कार चालेल.' परीक्षकांनी तीनच गोष्टी बघाव्यात. लय टिकली का? सुरुवात आणि शेवट ठरवून केला का? एकाहून जास्त आवाज असतील तर ते एकमेकांचं ऐकत होते का? नुसत्या नकलांसाठी विविध गुणदर्शन आहेच.

पालकांना एक सूचना. वाघ-सिंहांच्या डरकाळ्या मुलांना दिवसभर काढू देऊ नका. घसा खरवडला, बसला की थांबायचं, पाणी प्यायचं, दोन दिवस विश्रांती. कबूतर, बकरी, कोकीळ हे गळ्याला सोपे, त्यांच्यापासून सुरुवात करावी.

स्पर्धेचे फॉर्म पुढच्या महिन्यात ऑफिसात येतील. ते घरोघरी वाटताना गेटजवळच्या खोलीतही एक द्यावा. तिची तयारी चालू आहे. या वेळी बेडूक आहे, म्हणजे शार्ङ्गदेवांच्या हिशेबाने धैवत.