राजाचे मांडे, आपली आंबील

निजामपुऱ्यातून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

परवा आमच्यात विषय निघाला, आठ-नऊशे वर्षांपूर्वी माणसं जेवत काय असतील? एक म्हणाली, "काय म्हणजे? भाकरी आणि मिरचीचा ठेचा!" अहो, मिरची कुठली? मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका ही सगळी अमेरिकेतली पिकं. 1498 मध्ये पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर ती हळूहळू इकडे आली. तोवर तिखट म्हणजे मिरी, पिंपळी नाहीतर आलं.

राजे काय खात ते मात्र लिहिलेलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याने 1130च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. हे आपलं शेजारचं कल्याण नव्हे हं, कर्नाटकातलं बसवकल्याण. त्या ग्रंथात उडदाच्या इडल्या आहेत, वडे, पुऱ्या, मासे, डुकराचं मांस, भाजलेले शेतातले उंदीरसुद्धा! आणि गव्हाचे मांडे, पालथ्या भांड्यावर भाजलेले. खानदेशात बाया अजून खापरावर तसेच मांडे भाजतात.

साध्या माणसाचं ताट असं कुणी लिहून ठेवलं नाही. देशावर ज्वारी-बाजरी, आपल्या कोकणात नाचणी, वरी, भात. जोडीला ताक, आंबील, रानातला पाला, खाडीची मासळी.

युरोपातही तेच. कष्टकऱ्याला जवाचा नाहीतर राय नावाच्या धान्याचा काळा पाव, वर कडधान्य आणि पाला घालून शिजवलेली पातळ लापशी. सरदाराला पांढरा पाव, शिकारीचं मांस आणि आपल्या मलबारची महागडी मिरी. मोठ्या पंगतीत शिळ्या पावाची जाड चकती हेच ताट असे. जेवणं झाली की रस्सा मुरलेली ती चकती दारातल्या गरिबांना वाटत.

मांड्यांवरून मुक्ताबाईची कथा आठवली. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, पण वाळीत टाकलेल्या घरातली ती पोर. विसोबा चाटीने कुंभारांना बजावलं, हिला खापर द्यायचं नाही. मग ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. खरं-खोटं राहू दे बाजूला. नुसत्या खापरासाठी माणसाला दारोदार फिरवता येतं, हे ज्याने ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याला पक्कं ठाऊक होतं.

आमच्यातल्या दोघी लूमवाल्यांच्या बिशीत पोळ्या लाटतात. त्यातली एक हे ऐकून म्हणाली, "राजाचं सगळं लिहिलं, पण चुलीशी कोण बसलं होतं?" ती स्वतः दुपारी तीनला जेवते, उरलं असेल ते.

तुमच्या आजीच्या जात्यावरच्या ओवीत कुठलं धान्य येतं? आठवून ठेवा. पुढच्या बुधवारी आम्ही विचारणार आहोत.